कागद-पेन्सिलीने वर्गमूळ: बाकी भागिले मुळाची दुप्पट

एक गुंठा म्हणजे १०८९ चौरस फूट. ३३ फूट लांब, ३३ फूट रुंद. त्यामुळे गुंठ्याच्या चौरस तुकड्याची बाजू विचारली तर हिशेब करावा लागत नाही. पण पाच गुंठ्यांचा चौरस आखायचा असेल तर बाजू किती घ्यायची? क्षेत्र ५४४५ चौरस फूट, आणि ५४४५ चं वर्गमूळ पूर्णांकात येत नाही. एकराचंही तसंच. ४० गुंठे म्हणजे ४३,५६० चौरस फूट, आणि त्याचं मूळ दोनशेच्या पुढे कुठेतरी.

अशी मुळं कागदावर काढायला फार काही लागत नाही. तीसपर्यंतचे वर्ग, साधा भागाकार आणि एकच नियम: जवळचा वर्ग वजा करायचा आणि जी बाकी उरते तिला मुळाच्या दुपटीने भागायचं. अंदाज, सुधारणा आणि शाळेतली भागाकार पद्धत या तिन्ही ठिकाणी हाच नियम कामाला येतो. तो एकदा मनात बसला की पद्धती वेगवेगळ्या पाठ कराव्या लागत नाहीत.

दुप्पट का?

३३ फुटांचा चौरस डोळ्यांसमोर आणा. त्याच्या लागून असलेल्या दोन बाजू एकेक फूट वाढवायच्या आहेत. मग जमीन किती जास्त लागेल? एका बाजूला ३३ फूट लांब आणि एक फूट रुंद पट्टी, दुसऱ्या बाजूला तशीच आणखी एक, आणि दोन पट्ट्यांच्या मध्ये कोपऱ्यात एक चौरस फूट. ३३ + ३३ + १ = ६७. पडताळा सोपा आहे: १०८९ + ६७ = ११५६, आणि ३४ चा वर्ग ११५६ च आहे.

दोन पट्ट्या म्हणून दुप्पट. हातात बाकी क्षेत्र असेल तर ते या दोन पट्ट्यांत वाटलं जातं, म्हणून बाकी ÷ (२ × मूळ) एवढी बाजू वाढते. कोपरा लहान असतो, पण तो असतोच. उत्तरात जी चूक राहते ती सगळी या कोपऱ्याची, हे ध्यानात ठेवा.

तयारी

११ ते ३० चे वर्ग पाठ हवेत: १२१, १४४, १६९, १९६, २२५, २५६, २८९, ३२४, ३६१, ४००, ४४१, ४८४, ५२९, ५७६, ६२५, ६७६, ७२९, ७८४, ८४१, ९००. मधला एखादा विसरला तर दोन पट्ट्या आणि कोपरा वापरा: २४ चा वर्ग ५७६, म्हणून २५ चा ५७६ + २४ + २५ = ६२५.

साड्यांचे, म्हणजे साडेतीन, साडेनऊ अशा संख्यांचे, वर्ग तर तोंडीच येतात. संख्येला तिच्या पुढच्या संख्येने गुणायचं आणि पाव मिळवायचा. साडेतीनचा वर्ग: तीन चोक बारा आणि पाव, सव्वाबारा. साडेनऊचा: नऊ दाहे नव्वद आणि पाव, ९०.२५. निमकी, दिडकी, अडीचकी, औटकी (अर्धा, दीड, अडीच, साडेतीन यांचे पाढे) म्हणत मोठी झालेली माणसं हे झटकन करतात. नव्याने शिकणाऱ्यांनीही ही सवय लावून घ्यावी, कारण पुढे अंदाज घेताना साड्यांचे वर्ग पूर्णांकांच्या वर्गांइतकेच उपयोगी पडतात.

पायरी पहिली: जोड्या पाडणे

दशांश चिन्हापासून सुरुवात करून डावीकडे दोन-दोन अंकांच्या जोड्या पाडा. चिन्हाच्या उजवीकडेही तसंच करा. ५४४५ च्या जोड्या ५४ | ४५. ४३५६० च्या ४ | ३५ | ६०. डावीकडे शेवटी एकच अंक उरला तर त्यालाही एक जोडी समजायचं. जितक्या जोड्या, तितके अंक उत्तराच्या पूर्णांकी भागात.

सर्वांत जास्त चुका इथेच होतात, आणि इथली चूक पुढे कितीही नीट हिशेब केला तरी सुधारत नाही. ४३५६० ला डावीकडून ४३ | ५६ | ० असं तोडलं तर पहिला अंक २ ऐवजी ६ येतो. उजवीकडून तोडायचं एवढं विसरू नका.

एकापेक्षा लहान संख्यांचा घोळ आणखी वेगळा. ०.९ चं मूळ ०.३ सांगितलं जातं आणि ०.४ चं ०.२. दशांशानंतरची जोडी पूर्ण करायला शून्य जोडावं लागतं: ०.९ म्हणजे ०.९०. ९० चं मूळ साडेनऊच्या आसपास, म्हणून उत्तर ०.९५ च्या आसपास. ०.४ ची जोडी ४०, मूळ ०.६३. ०.००५ च्या जोड्या ०० | ५०, मूळ ०.०७०७. शून्य आणि एक यांच्यामधल्या संख्येचं मूळ त्या संख्येपेक्षा मोठं असतं. उत्तर लहान आलं तर जोडी चुकली असं समजा.

पायरी दुसरी: दोन वर्गांच्या मध्ये पकडणे

५४ | ४५ मधली पहिली जोडी ५४. त्याखालचा सर्वांत मोठा वर्ग ४९, म्हणून मूळ सत्तर ते ऐंशीच्या मध्ये. आता बाकी पाहू: ५४४५ − ४९०० = ५४५. ७० ची दुप्पट १४०. ५४५ ÷ १४० म्हणजे ३.९ च्या जवळपास. कोपरा अजून धरलेला नाही, म्हणून खरं उत्तर याहून थोडं कमी. तेव्हा ७३ आणि ७४ तपासायचे. ७३ चा वर्ग ५३२९, ७४ चा ५४७६. ५४४५ या दोघांच्या मध्ये आहे.

पायरी तिसरी: दशांशाचा अंदाज

इथे अंदाज दोन बाजूंनी घ्या. नुसता एक अंदाज घेऊन थांबू नका.

खालून: ५४४५ − ५३२९ = ११६. भाजक ७३ ची दुप्पट अधिक एक, म्हणजे १४७. (७३ आणि ७४ च्या वर्गांमधलं अंतर एवढंच आहे.) ११६ ÷ १४७ = ०.७८९१. अंदाज ७३.७८९१.

वरून: ५४७६ − ५४४५ = ३१. भाजक ७४ ची दुप्पट, १४८. ३१ ÷ १४८ = ०.२०९५. अंदाज ७४ − ०.२०९५ = ७३.७९०५.

पहिला अंदाज नेहमी खऱ्या मुळापेक्षा कमी असतो आणि दुसरा नेहमी जास्त. कारण साधं आहे. ‘दुप्पट अधिक एक’ मध्ये पूर्ण एक फुटाचा कोपरा धरलेला असतो, म्हणजे गरजेपेक्षा जास्त. नुसत्या दुपटीत कोपऱ्याचा हिशेबच नसतो. खरं उत्तर या दोघांत अडकतं: ७३.७८९१ आणि ७३.७९०५ यांच्यामध्ये. दोन दशांशांपर्यंत ७३.७९ पक्कं झालं, तेही गुणाकाराने पडताळणी न करता. अंदाज किती चुकलाय हे कळल्याशिवाय तो अंदाज उपयोगाचा नाही. म्हणून हा दुहेरी हिशेब आम्ही कधीच सोडत नाही.

वरच्या वर्गापासून मागे यायचं की खालच्यापासून पुढे जायचं, हे बाकी कुठून लहान पडते त्यावर ठरवा. बाकी लहान तेवढा कोपरा लहान. संख्या दोन वर्गांच्या अगदी मध्यावर असेल तर दोन्हीकडून बाकी मोठी, आणि अंदाज तिथेच सर्वांत जास्त चुकतो. अशा वेळी साड्याचा वर्ग घ्या. ९० चं मूळ खालून ९ + ९/१९ = ९.४७ येतं. पण ९०.२५ पासून मागे आलं तर ९.५ − ०.२५/१९ = ९.४८६८४. खरं मूळ ९.४८६८३. एका भागाकारात चार दशांश बरोबर.

लहान संख्यांवर ही पद्धत लंगडी पडते. २ चं मूळ खालून १ + १/३ = १.३३, वरून २ − २/४ = १.५. फारच ढोबळ. तेव्हा २ च्या जागी २०० घ्या आणि उत्तराला १० ने भागा. १४ चा वर्ग १९६, बाकी ४, ४ ÷ २८ = ०.१४३, म्हणजे १४.१४३, आणि २ चं मूळ १.४१४३. खरं १.४१४२. शंभरपेक्षा लहान कोणत्याही संख्येला आधी शंभराने गुणून घ्यावं.

पायरी चौथी: सुधारणा

अंदाज हाताशी असला की तो सुधारण्याचा सर्वांत सुरक्षित मार्ग सरासरीचा. संख्येला अंदाजाने भागा, आणि भागाकार व अंदाज यांची सरासरी घ्या.

१० चं मूळ काढू. अंदाज ३. १० ÷ ३ = ३.३३३. सरासरी ३.१६६७. पुन्हा: १० ÷ ३.१६६७ = ३.१५७९. सरासरी ३.१६२३. खरं मूळ ३.१६२२८, म्हणजे दोन फेऱ्यांत काम झालं. अंदाज बरा असेल तर प्रत्येक फेरीला बरोबर आलेल्या अंकांची संख्या साधारण दुप्पट होते. बीजगणित मांडून पाहिलं तर ही सरासरी म्हणजे ‘बाकी भागिले दुप्पट’ हाच नियम, फक्त वेगळ्या कपड्यांत.

या पद्धतीचा मोठा गुण असा की मधे भागाकारात चूक झाली तरी पुढची फेरी ती पुसून टाकते. चुकलेली सरासरी हा फक्त एक कमी चांगला अंदाज ठरतो.

संख्येला अंदाजाने भागण्याचा लांब भागाकार नको असेल तर कोपरा थेट वजा करा. ४४.७२२ हा २००० च्या मुळाचा अंदाज ४५ पासून मागे येऊन मिळतो (२०२५ − २००० = २५, २५ ÷ ९० = ०.२७७८). २००० चौरस मीटर म्हणजे २० आर, सातबाऱ्यावर सहज भेटणारं क्षेत्र. आता वजा केलेल्या भागाचा वर्ग काढून तो अंदाजाच्या दुपटीने भागा: ०.२७७८ चा वर्ग ०.०७७२, त्याला ८९.४४ ने भागलं की ०.०००८६. ४४.७२२२२ − ०.०००८६ = ४४.७२१३६. पाचही दशांश बरोबर. पुढे गेलेले असा की मागे आलेले, ही दुरुस्ती दोन्ही वेळी वजाच होते, कारण नुसत्या दुपटीचा अंदाज नेहमी जास्तच असतो. बख्शाली या जुन्या गणिती हस्तलिखितात हाच नियम आहे. ते १८८१ मध्ये पेशावरजवळ सापडलं.

बौधायनाच्या शुल्बसूत्रात (यज्ञवेदी आखण्याच्या प्राचीन ग्रंथात) २ च्या मुळासाठी दिलेली किंमत या नजरेने पाहण्यासारखी आहे: १ + १/३ + १/(३×४) − १/(३×४×३४). पहिल्या तीन पदांची बेरीज १७/१२. तिचा वर्ग २८९/१४४, दोनापेक्षा बरोबर १/१४४ ने जास्त. ते १/१४४ मुळाच्या दुपटीने, म्हणजे ३४/१२ ने, भागलं की १/४०८. आणि ३×४×३४ = ४०८. तो ३४ म्हणजे १७ ची दुप्पट आहे. ही किंमत १.४१४२१५७ येते. खऱ्या मुळाशी पाच दशांशांपर्यंत जुळते.

भागाकार पद्धत, एकरावर

एकेक अंक पक्का करत जायचं असेल तर शाळेतली भागाकार पद्धत घ्या. आर्यभटाने आर्यभटीयात (इ. स. ४९९) गणितपादामध्ये वर्गमूळ काढायची रीत दिली आहे, आणि तिचा कणा ‘द्विगुणेन वर्गमूलेन’ असाच आहे: दुप्पट केलेल्या मुळाने भागायचं.

४ | ३५ | ६० घेऊ. हे उदाहरण मुद्दाम निवडलं आहे, कारण त्यात अडखळायची नेमकी जागा आहे.

पहिली जोडी ४. मूळ २, बाकी ०.

पुढची जोडी ३५ खाली उतरवा. आतापर्यंतच्या मुळाची दुप्पट ४. आता ४ च्या उजवीकडे एक अंक लिहायचा आणि तयार झालेल्या संख्येला त्याच अंकाने गुणायचं. गुणाकार ३५ पेक्षा मोठा होता कामा नये. ४१ × १ = ४१, म्हणजे एकही बसत नाही. इथे मुळात शून्य लिहायचं. नवशिके ते गाळतात आणि पुढची जोडी उतरवतात, आणि एकराची बाजू २८.७ फूट येते. २८ चा वर्ग ७८४ आहे, एक गुंठाही नाही. तीन जोड्या आहेत म्हणजे पूर्णांकात तीन अंक हवेत, एवढं मोजलं तरी ही चूक सापडते.

मूळ आता २०, बाकी ३५. पुढची जोडी ६० उतरवली की ३५६०. दुप्पट ४०. अंक कोणता घ्यायचा हे ठरवायला ३५६० चा शेवटचा अंक झाका: ३५६ ÷ ४० = ८ आणि काही. ४०८ × ८ = ३२६४. बाकी २९६. मूळ २०८.

आता दशांश चिन्ह द्या आणि दोन शून्यं उतरवा. नेहमीच्या भागाकारासारखं एकच शून्य उतरवणं ही दुसरी नेहमीची चूक. २९६००. दुप्पट ४१६. (दरवेळी दुप्पट करत बसायला नको. मागच्या भाजकात त्याचाच शेवटचा अंक मिळवा: ४०८ + ८ = ४१६.) २९६० ÷ ४१६ = ७ आणि काही. ४१६७ × ७ = २९१६९. बाकी ४३१. मूळ २०८.७.

४३१००. भाजक ४१६७ + ७ = ४१७४. अंक १: ४१७४१ × १ = ४१७४१. बाकी १३५९. मूळ २०८.७१.

दुपटीच्या उजवीकडे अंक लिहून त्याच अंकाने गुणायचं ते कोपऱ्यासाठी. दुप्पट पट्ट्यांसाठी, शेवटचा अंक कोपऱ्यासाठी. सुरुवातीच्या पायऱ्यांत कोपरा पट्ट्यांच्या तुलनेत मोठा असतो, म्हणून झाकून काढलेला अंक तिथे जास्त येऊ शकतो. २८९ करून पाहा: पहिला अंक १, बाकी १, जोडी उतरवून १८९, दुप्पट २. झाकून १८ ÷ २ = ९. पण २९ × ९ = २६१, फार मोठं. २८ × ८ = २२४, तेही मोठं. २७ × ७ = १८९, बरोबर. मूळ १७. तेव्हा झाकून काढलेला अंक ही वरची मर्यादा समजा आणि गरज पडली तर खाली या.

दोन तपासण्या प्रत्येक पायरीवर करता येतात. एक, बाकी मुळाच्या दुपटीपेक्षा मोठी नको (दशांश चिन्ह सोडून). २०८ वर बाकी २९६, दुप्पट ४१६, ठीक. मोठी आली तर अंक लहान निवडला. दोन, बाकी म्हणजे मूळ संख्या वजा आतापर्यंतच्या मुळाचा वर्ग. २०८.७१ चा वर्ग ४३५५९.८६४१, आणि ४३५६० − ४३५५९.८६४१ = ०.१३५९. बाकी १३५९ होतीच. या पद्धतीत एक अंक चुकला तर पुढचे सगळे चुकतात, म्हणून एवढी तपासणी लागते.

चार अंक मिळाले की पुढे जोड्या उतरवत बसू नका. २०८.७ वर बाकी ४.३१ आहे. ती ४१७.४ ने भागा: ०.०१०३२५. बाजू २०८.७१०३२ फूट, आणि हे सगळे दशांश बरोबर आहेत.

किती अंकांवर थांबायचं

क्षेत्र जितक्या अचूकतेने माहीत आहे, तितकंच मूळ काढून उपयोग. एकरात एक चौरस फुटाचा फरक पडला तर बाजू किती बदलते? १ ÷ ४१७ = ०.००२४ फूट. म्हणजे क्षेत्र एका चौरस फुटापर्यंतच पक्कं असेल तर बाजूचा तिसरा दशांश आधीच डळमळीत आहे, आणि चौथ्याला काही अर्थ नाही.

टेपवर मोजताना आणखी एक काळजी घ्या. २०८.७१ फूट म्हणजे २०८ फूट ७ इंच नव्हे. ०.७१ ला १२ ने गुणा: ८.५२, म्हणजे २०८ फूट साडेआठ इंच. तसंच १० × १२ फुटांची खोली गुण्यात (चारही कोपरे काटकोनात) आहे का हे पाहायला कर्ण मोजतात. २४४ चं मूळ, साडेपंधराच्या वर्गापासून (२४०.२५) ३.७५ ÷ ३१ = ०.१२ पुढे: १५.६२ फूट, म्हणजे १५ फूट साडेसात इंचांना जेमतेम कमी. दोन्ही कर्ण एवढेच भरले पाहिजेत. एक जास्त आणि दुसरा कमी भरला, तर जास्त भरलेल्या कर्णाच्या टोकांचे कोपरे काटकोनापेक्षा लहान आहेत.